दुप्पट दाब

नियम साधा आहे.
इंजिन ज्या दाबावर धावणार, त्याच्या दुप्पट दाबाने
आधी बॉयलरमध्ये थंड पाणी भरायचं
आणि वीस मिनिटं काट्याकडे बघत बसायचं.
आग नाही, वाफ नाही, शिट्टी तर नाहीच.
तांबं फाटलंच, तर पाणी नुसतं भिजवतं.
वाफ माफ करत नाही.

कॅम्बोर्नच्या आमच्या क्लबात
तेवीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे,
म्हणून नाताळात मला कार्डं कमी येतात.

टॅम्झिन इंजिन घेऊन आली
बागेतल्या एकचाकी हातगाडीतून.
खाली सोफ्याची उशी,
वर जोरीचा तेलकट रेनकोट.
अठरा वर्षं खपला तो या इंजिनावर.
रूळ वीतभरसुद्धा रुंद नाहीत,
पण एका बाजूच्या सळ्या जुळेनात
म्हणून त्याने तीन हिवाळे काढले,
आणि चौथ्यात कळलं, चूक दुसऱ्या बाजूला होती.
रंग देणं तेवढं राहिलं.
फेब्रुवारीत आम्ही त्याला पुरला.

मी हातपंप मारायला घेतला.
ऐंशी. शंभर. एकशे वीस.
टॅम्झिन खिडकीशी, कोटाच्या खिशात हात.
एकशे साठला थांबलो, झडप आवळली,
आणि दोघं गप्प.
बाहेर सीगल कुणाची तरी पेस्टी पळवत होते.

सातव्या मिनिटाला काटा हलला.
केसभर. मग आणखी केसभर.
माझे डोळे म्हातारे आहेत, असं म्हणता आलं असतं.
कुणी विचारलं नसतं.
मी टॉर्च घेऊन खाली वाकलो:
भट्टीच्या तळाशी, डाव्या मागच्या कोपऱ्यात
पाणी मुरत होतं.
एक थेंब जमायचा, विचार करायचा,
पडायचा.

ती म्हणाली, "डावा मागचा?"
मी म्हणालो, "तुला कसं ठाऊक?"

तिने वही काढली. जोरीची, चौकटीच्या कागदांची,
जिच्यात तो कानशीची किंमतसुद्धा लिहायचा.
नऊ वर्षांपूर्वीचं पान:
*चांदीचा डाख. सगळं लालबुंद, उत्तम.
ट्रुरोच्या हॉस्पिटलातून फोन. केरेन्झा.
ज्योत बंद करून गेलो.
कोपरा डावा मागचा: पुरता वाहिला नसावा.
वरून चांगला दिसतो.
डिगरीला सापडेल.*

डिगरी म्हणजे मी.

नऊ वर्षं आम्ही दर रविवारी
एका बाकावर बसून चहा प्यायलो.
एका शब्दाने बोलला नाही.
मी समजायचो, काम रेंगाळतंय
ते ती गेल्यामुळे. असेलही.
मित्राला कुणी आपलं घर ठेवायला देतं, कुणी कुत्रा.
याने मला एक गळका कोपरा ठेवला होता.

मी फॉर्मवर लिहिलं: नापास.
अक्षर जरा जास्तच ठसठशीत आलं.

टॅम्झिन रडली वगैरे नाही.
शाळेत रसायनशास्त्र शिकवते ती.
म्हणाली, "पुन्हा सगळं तापवावं लागेल ना?
नुसता कोपरा नाही?"
म्हटलं, सगळं. तांबं उष्णता वाटून टाकतं,
एका जागी राखून ठेवत नाही.
"मग मोठा सिलिंडर लागेल," ती म्हणाली,
आणि उशी नीट केली.

सप्टेंबरात काटा वीस मिनिटं
भिंतीवरच्या खिळ्यासारखा उभा राहिला.

पहिल्या फेरीला रंगाशिवायचंच इंजिन,
तांबूस, काळपट, हातांच्या डागांचं.
ती पुढे, गुडघे कानांपर्यंत,
एवढ्याशा फावड्याने कोळसा घालत.
मागच्या डब्यावर दोन्हीकडे पाय टाकून मी.
तळ्याच्या वळणापर्यंत झकास गेलो.
पुढे चढ. रात्रीच्या धुक्याने रूळ ओले.
चाकं जागच्या जागी गरगरली,
धुराड्याने एक लांब, दुखरा श्वास टाकला.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.
"डिगरीकाका," म्हणाली, "वजन."

मी उतरलो, बाजूने चालू लागलो.
हाही आमचा नियमच आहे.